उणे तीनचा वर्ग किती?

रात्रीचे जेवण आटोपले, दस्तरखान उचलले की घरातल्या सगळ्यांना एक कोडे घाला. कागदाच्या चिटोऱ्यांवर −३² एवढेच लिहून प्रत्येकाच्या हातात एकेक चिटोरा द्या आणि उत्तर लिहायला सांगा. एकाने दुसऱ्याचे बघायचे नाही. अब्बा, अम्मी, कॉलेजात जाणारे भाईजान, आठवीतली धाकटी, सगळ्यांनी लिहायचे. आमचा अंदाज असा, की चिटोरे उघडल्यावर दोन उत्तरे दिसतील. काहींनी ९ लिहिलेले असेल, काहींनी −९. गंमत म्हणजे दोन्हीकडची माणसे आपापल्या उत्तरावर ठाम असतील आणि प्रत्येकाजवळ कारणही असेल.

उत्तर −९ आहे. ते आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना ताटकळावे लागणार नाही. पण नुसते उत्तर सांगून भागत नाही. ज्यांनी ९ लिहिले ते लगेच विचारतील, "का हो? वजा गुणिले वजा अधिकच ना?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. वजा गुणिले वजा अधिकच. मग घोडे कुठे अडते?

अडते ते एवढ्याच ठिकाणी, की वर लिहिलेला तो बारीक २ नेमका कोणाचा आहे. एकट्या ३ चा, की उणे चिन्हासकट आख्ख्या −३ चा? गणिताच्या लिखाणात असा संकेत आहे, की घातांक ज्याला चिकटून बसलेला असतो त्याचाच तो असतो. −३² मध्ये २ हा ३ ला चिकटला आहे. म्हणून आधी ३ × ३ = ९, आणि मग त्याच्यापुढे उणे. झाले −९. आपल्याला आख्ख्या −३ चाच वर्ग हवा असेल, तर त्याला कंसात बसवावे लागते: (−३)². इथे २ कंसाला चिकटला आहे, म्हणून कंसात जे काही आहे ते सगळे दोनदा घ्यायचे. (−३) × (−३) = ९.

मुले इथे हमखास विचारतात, आणि विचारावेच, की हा संकेत ठरवला कोणी? उलटा ठेवला असता तर काय बिघडले असते? "पुस्तकात तसे दिले आहे" हे उत्तर आम्हाला कधीच पटले नाही. त्यापेक्षा फळ्यावर हे लिहावे: १० − ३². याचे उत्तर वर्गातला प्रत्येक जण १ देतो. दहातून नऊ गेले, एक उरला. इथे कोणी उणे चिन्हाला वर्गात ओढून १० + ९ = १९ करत नाही. आता १० पुसून त्या जागी ५ लिहा. पाचातून नऊ गेले, −४. मग ५ पुसून ० लिहा. ० − ३² म्हणजे शून्यातून नऊ गेले, −९. इथवर सगळे एकमताने येतात. आता ते शून्य पुसून टाका. फळ्यावर उरले −३². शून्य पुसल्याने उत्तर बदलेल का? ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे "काहीच नाही" लिहायचे सोडून दिले, एवढेच झाले. उत्तर −९ च राहिले पाहिजे.

हाच मुद्दा हिशेबाच्या भाषेत असा. दहा रुपये मिळाले आणि नऊ द्यायचे आहेत, किंवा नऊ द्यायचे आहेत आणि दहा मिळाले, कसेही सांगा, हातात एकच रुपया उरतो. म्हणजे १० − ३² आणि −३² + १० ही एकच गोष्ट आहे. जो −३² ला ९ म्हणेल त्याला पहिल्या ठिकाणी १ आणि दुसऱ्या ठिकाणी १९ म्हणावे लागेल. वाक्य उलटे बोलल्याने अठरा रुपये जास्त मिळू लागले तर हिशेब कोणाचाच जुळायचा नाही.

दुसरे कारण गुणाकाराचे आहे. घातांक हे गुणाकाराचे लघुरूप. २ × ३² म्हणजे २ × ३ × ३, म्हणजे १८. कोणी आधी २ × ३ = ६ करून त्याचा वर्ग ३६ सांगितला तर आपण त्याला थांबवतो. आणि संख्येपुढचे उणे म्हणजे −१ ने गुणणेच. तेव्हा −३² म्हणजे −१ × ३ × ३. २ थांबतो तिथे −१ नेही थांबले पाहिजे. बीजगणितात ५क्ष², −५क्ष², −क्ष² अशी पदे पानोपानी येतात. त्या प्रत्येकात वर्ग एकट्या क्ष चा असतो, म्हणूनच इतके थोडक्यात लिहिता येते. नियम उलटा असता तर जवळजवळ प्रत्येक पदाला कंस घालत बसावे लागले असते.

आता घरात कोणीतरी कॅल्क्युलेटर आणील. आणू द्या, पण मग भांडण मिटण्याऐवजी वाढेल. दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ३ दाबून चिन्ह बदलायचे बटण दाबले, मग गुणिले आणि बरोबर दाबले, की ९ दिसते. मुलांच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर उणे, तीन, वर्ग अशी बटणे क्रमाने दाबली की −९ दिसते. यंत्रे खोटे बोलत नाहीत. पहिल्या यंत्राला आपण आधी −३ ही तयार संख्या दिली आणि मग तिला तिनेच गुणायला सांगितले, म्हणजे (−३)² विचारले. दुसऱ्याला −३² विचारले. प्रश्नच दोन होते. साध्या कॅल्क्युलेटरची आणखी एक तऱ्हा माहीत असलेली बरी. त्याच्यावर २ + ३ × ४ दाबले तर बहुधा २० येते, कारण तो बटणे दाबली त्या क्रमाने हिशेब उरकत जातो. सायंटिफिकवर १४ येते आणि तेच बरोबर.

एक्सेलचा मामला तर आणखी वेगळा. तिथे घातांकासाठी ^ हे चिन्ह वापरतात. चौकटीत =−३^२ लिहिले तर एक्सेल ९ दाखवते. =१०−३^२ लिहिले तर १, आणि =−३^२+१० लिहिले तर १९! वर आम्ही ज्या अठरा रुपयांच्या गोंधळाची गोष्ट केली तो इथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो. ही त्यातली बिघाडाची गोष्ट नव्हे. सुरुवातीचे उणे संख्येचाच भाग धरायचे असे एक्सेल बनवणाऱ्यांनी ठरवले आणि तसे लिहूनही ठेवले आहे. पायथन ही संगणकाची भाषा आजकाल बरीच मुले शिकतात, ती मात्र गणिताच्या संकेताप्रमाणे −९ देते. हिशेबाची कामे करणाऱ्या मुला-मुलींना आमचे सांगणे इतकेच, की शंका असेल तिथे कंस टाका. कंस टाकल्यावर सगळी यंत्रे एकच उत्तर देतात.

पण खरा घोटाळा आमच्या मते यंत्रांचा नाही, जिभेचा आहे. −३² मोठ्याने वाचा बरे. "उणे तीनचा वर्ग." आता (−३)² वाचा. "उणे तीनचा वर्ग." कागदावर दोन वेगळ्या गोष्टी, आणि तोंडातून एकच वाक्य! उर्दूत "मनफी तीन का मुरब्बा" म्हणा, तिथेही तेच. शिक्षक फळ्याकडे पाठ करून बोलत असतील आणि मूल वहीत मान घालून लिहीत असेल, तर त्याने कंस काढायचा की नाही हे त्याला ऐकून कळणारच नाही. इंग्रजी माध्यमाची मुले "मायनस थ्री स्क्वेअर" आणि "मायनस थ्री, होल स्क्वेअर" असा फरक करतात. तो "होल" शब्द फार कामाचा आहे. मराठीत आम्ही (−३)² ला "कंसात उणे तीन, कंसाचा वर्ग" आणि −३² ला "उणे, तीनचा वर्ग" असे वाचतो. दुसऱ्यात उणेनंतर क्षणभर थांबायचे. उर्दू शाळेतली मुले "रोको मत जाने दो" हे वाक्य कुठे थांबलो तर काय अर्थ होतो ते लहानपणीच शिकलेली असतात. त्यांना हे थांबणे समजवावे लागत नाही.

मराठी भाषेला एक सोय आहे जी गणिताला नाही. "जुन्या घराचा मालक" आणि "घराचा जुना मालक" यांत जुने काय आहे, घर की मालक, हे शब्दाच्या रूपावरूनच कळते. जुना, जुन्या, एवढ्या फरकात काम होते. गणितातल्या उणे चिन्हाला अशी रूपे नाहीत. ते जिथे असेल तिथे एकच आडवी रेघ. म्हणून ते काम कंसाला करावे लागते.

उर्दूची एक वेगळीच मौज आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, पण आपल्याकडच्या उर्दू शाळांतही गणिताची मांडणी मात्र डावीकडून उजवीकडेच असते. उर्दू वाक्याच्या मध्ये −३² आले आणि मुलाची नजर सवयीने उजवीकडून आली, तर तिला आधी वर्ग भेटतो, मग तीन आणि शेवटी उणे. हाच तर बरोबर क्रम! आम्ही मुलांना कधी कधी सांगतो, "एवढे एक गणित उर्दूसारखे वाच." अर्थात ही युक्ती सगळीकडे चालवायची नाही. १० − ४ − ३ उजवीकडून करायला गेलात तर ३ ऐवजी ९ येईल.

आता "कंचेभागुबेव" कडे वळू. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हा मंत्र पाठ असतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजीतला बोडमास तोच. मंत्र चांगला आहे, पण त्याची दोन दुखणी आहेत. एक, त्यात घातांकाला जागाच नाही. "चे" म्हणजे "बाराचे दोन तृतीयांश" मधले चे. पदावल्या सोडवण्याचा हा मंत्र मुले घातांक शिकण्याच्या आधीच पाठ करतात, आणि घातांक आल्यावर त्याला मंत्रात कुठे बसवायचे ते बऱ्याचदा कोणी सांगत नाही. घातांकाची जागा कंसाच्या लगेच नंतर, गुणाकार-भागाकाराच्या आधी. दुसरे दुखणे असे, की अक्षरांच्या क्रमावरून मुलांना वाटते बेरीज वजाबाकीच्या आधीच करायची. मग १० − ४ + ३ मध्ये ते ४ + ३ = ७ करतात आणि उत्तर ३ सांगतात. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या सख्ख्या बहिणी आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी. उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचेही तसेच.

हे सगळे एका चिन्हासाठी एवढे का ताणायचे, असे कोणाला वाटेल. तर एका घरातली गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीची एक मुलगी दहावीला होती. सराव परीक्षेत बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात तिला १३ पडले. अब्बांनी फार रागावले नाही, पण हिला पुढे डिप्लोमाला घालायचा विचार त्यांनी मनातून काढून टाकला. "ज्याला त्याला जे जमते ते करू द्यावे," असे म्हणाले. मुलीने तर त्यांच्याही आधी ठरवून टाकले होते, की मला गणित येत नाही. अम्मीला मात्र चैन पडेना. ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आली. "तुम्हीच बघा एकदा. ही रोज पहाटे उठून गणितेच करीत होती. मग गेले कुठे सगळे?"

आम्ही पाने उलटून पाहिली. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचे होते. तिने अ = १, ब = −५, क = ६ बरोबर लिहिले होते. सूत्र बरोबर लिहिले होते. मग विवेचक काढायला ब² − ४अक मध्ये किमती ठेवल्या, त्या अशा: −५² − ४ × १ × ६. पुढची ओळ: −२५ − २४ = −४९. त्याखाली सुवाच्य अक्षरात, "विवेचक ऋण आहे, म्हणून मुळे वास्तव संख्या नाहीत." आणि गणित संपवले होते. खरे तर (−५)² − २४ = २५ − २४ = १, आणि मुळे २ आणि ३. मागच्याच पानावर याच जातीचे दुसरे समीकरण तिने अवयव पाडून न चुकता सोडवले होते. पुढे आणखी दोन ठिकाणी, बहुपदीची किंमत काढताना आणि एका शाब्दिक उदाहरणात, हाच प्रकार. सगळे मिळून ११ गुण एका न काढलेल्या कंसापायी गेले होते.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. −५² = −२५ हे तिने बरोबर केले होते! जे लिहिले त्याचे उत्तर नियमाप्रमाणे काढले होते. चुकली ती एक ओळ आधी, ब च्या जागी −५ ठेवताना. आणि वर्गात अशी कितीतरी मुले असतात जी कंस न काढता −५² लिहितात आणि पुढे बेधडक २५ लिहून मोकळी होतात. त्यांचे लिहिणे चूक, हिशेबही चूक, पण दोन चुका मिळून उत्तर बरोबर येते आणि तपासणारा बरोबरची खूण करून पुढे जातो. नियम पाळणाऱ्या मुलीला शून्य आणि नियम मोडणाऱ्याला पूर्ण गुण. आम्ही तिला बोलावून हे समजावून सांगितले, की बेटा, वर्ग करण्यात तू त्यांच्यापेक्षा पुढे आहेस, तुझे अडते ते फक्त किंमत ठेवताना. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग विचारले, "म्हणजे मला येतं?"

पुढचे पंधरा दिवस तिने एकच सवय लावून घेतली. अक्षराच्या जागी आकडा ठेवायचा तर आधी रिकामा कंस काढायचा, मग त्यात आकडा ठेवायचा. ब² दिसले की आधी ( )², मग आत −५. आम्ही तिला म्हटले, आधी दस्तरखान अंथरायचे, मग वाढायचे. बोर्डाच्या परीक्षेत तिला गणितात फार मोठे गुण पडले असे नाही, पण बरे पडले, आणि घरात डिप्लोमाच्या अर्जाची गोष्ट पुन्हा निघाली. अर्ज भरायला अब्बा स्वतः बरोबर गेले.

ही चूक वर्षानुवर्षे लपून का राहते? एक कारण वर आलेच. दुसरे असे, की घातांक विषम असेल तर कंस असला काय आणि नसला काय, उत्तर तेच येते. −२³ = −८ आणि (−२)³ सुद्धा −८. मूल दोन-चार घनांची गणिते करते, सगळी बरोबर येतात आणि कंस हा नुसता दागिना आहे अशी त्याची समजूत होते. सम घातांक आला की दागिन्याची किंमत कळते. −२⁴ = −१६, पण (−२)⁴ = १६. −१ चा तर तमाशाच. (−१)¹⁰⁰ = १, आणि −१¹⁰⁰ = −१. म्हणून घरी सराव घ्यायचा तर वर्ग आणि चौथे घात घ्यावेत, घनांनी परीक्षा होत नाही.

दोन भाषांत गणित शिकवणाऱ्याला एक लाभ असा, की एकच गोष्ट दोन चित्रांनी दाखवता येते. मराठीत धन संख्या आणि ऋण संख्या. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हेच दोन शब्द वापरून नियम दिले. धन आणि ऋणाचा गुणाकार ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन. उर्दूत मुसबत आणि मनफी. मनफी शब्द नफी वरून आला, नफी म्हणजे नाकारणे, आणि मुसबत म्हणजे जे कायम केले, मान्य केले. "तो आला नाही असे नाही" म्हटले म्हणजे तो आला. नाकारण्याला नाकारले की होकार उरतो. (−३) × (−३) अधिक का, हे समजावताना मुलांना कर्जाच्या चित्रापेक्षा हे नकाराचे चित्र लवकर पटते, असा आमचा अनुभव आहे. आणि −३² मध्ये नकार एकदाच आहे, आधी वर्ग केला आणि मग त्या वर्गाला नाकारले. मुरब्बा शब्दावर मुले हसतात, त्यांना आंब्याचा आठवतो. उर्दूत दोघांचे हिज्जे वेगळे, चौरसाचा मुरब्बा ऐन अक्षरावर संपतो. आणि ज्याला मराठीत आपण वर्गमूळ म्हणतो त्याला उर्दूत जज्र. मूळ आणि जज्र, दोन्हींचा अर्थ झाडाचे मूळ.

जज्र हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिज्मींच्या पुस्तकातलाच आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे ८२० च्या आसपास, त्यांनी जबर आणि मुकाबलावर जे पुस्तक लिहिले त्यावरून अल्जिब्रा हे नाव पडले, आणि त्यांच्या स्वतःच्या नावावरून अल्गोरिदम. त्या पुस्तकात त्यांनी दहातून एक वजा करून जे येते त्याला त्यानेच गुणून दाखवले आहे. दहा दाहे शंभर, वजा दहा, पुन्हा वजा दहा, आणि वजा एकाला वजा एकाने गुणले की अधिक एक. एकूण ८१. आपल्या लिखाणात हे (१० − १)² होईल. कंस विसरून १० − १² लिहिले तर उत्तर ९. ख्वारिज्मींना ही अडचण कधी आलीच नसेल, कारण त्यांच्या पुस्तकात चिन्हे नाहीत, सगळे गणित शब्दांत लिहिले आहे. बाराव्या शतकात बगदादच्याच अल-समवाल यांनी, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी, अल-बाहिर नावाचा बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. शून्यातून धन संख्या वजा केली की तीच संख्या ऋण होऊन उरते, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. फळ्यावर शून्य पुसण्याची जी युक्ती वर सांगितली तिच्या मुळाशी हेच आहे.

त्याच शतकात, ११५० साली, आपल्या सह्याद्रीच्या भास्कराचार्यांनी बीजगणितात लिहिले, की धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धन, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही. त्यांच्या नातवाने १२०७ साली कोरवलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडला. त्यांच्या लीलावतीचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केले. डोक्यावर बारीक आकडा लिहिण्याची पद्धत मात्र त्यानंतरची. ती फ्रान्सच्या देकार्तने १६३७ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात रूढ केली, आणि तोही वर्गासाठी पुष्कळदा क्ष क्ष असे अक्षर दोनदाच लिहीत असे. म्हणजे ज्या बारीक आकड्यावरून आपल्या घरात वाद होतो त्याचे वय अजून चारशे वर्षेही नाही.

घरी मुलांकडून करून घेण्यासाठी थोडी गणिते देतो. आधी तोंडाने वाचायला लावा, मग सोडवायला. −४², (−४)², ५ − २², (५ − २)², −(−३)², २ × (−३)², −२ × ३², आणि शेवटचे, क्ष = −२ असताना २क्ष² − ३क्ष + १ ची किंमत. पाचव्या गणिताजवळ मूल अडेल. त्याला विचारा, कंसातला वर्ग आधी केलास का? बाहेरचे उणे तोवर दारात थांबेल. शेवटच्या गणितात मुलाने आधी रिकामे कंस काढले की नाही तेवढेच बघा, उत्तर मागाहून तपासा. उत्तरे क्रमाने अशी: −१६, १६, १, ९, −९, १८, −१८, १५. शेवटच्याचे उत्तर −१ आले असेल, तर २ × (−२)² ऐवजी २ × −२² लिहिले गेले आहे, ती ओळ पुन्हा लिहून घ्या.